शून्यावर बसलेला काटा

कारखान्यात त्यांना सगळे काटेसाहेब म्हणत. साहेब ते नव्हते. बॉयलरवरची प्रेशर गेज दुरुस्त करायच्या खोलीत ते, एक टेबल आणि एक पंखा असे तिघे कामाला होते. पण एकतीस वर्षांत त्यांनी पास केलेल्या गेजनं कुणाला दगा दिला नव्हता. ही गोष्ट ते स्वतः कधी सांगत नसत. दुसरं कुणी सांगू लागलं की मान खाली घालून ऐकत, अगदी शेवटपर्यंत.

त्यांच्या बायकोला रक्तदाब होता. रोज सकाळी डॉक्टरांची एक गोळी, एवढ्यावर भागत होतं. मग एके दिवशी तिचा धाकटा भाऊ आला. या मेहुण्यानं आयुष्यात छत्र्या विकल्या होत्या, विमा विकला होता, पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली होती. सध्या तो आरोग्य विकत होता.

“ताई, तुला रक्तदाब नाहीच मुळी,” डबा टेबलावर ठेवत तो म्हणाला. “तुझ्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी थकल्यात. मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसतात बघ, टोपीसारख्या. तीस वर्षं भावोजींबरोबर काढल्यावर कुणाच्याही थकतील.”

“हे मात्र शास्त्रीय वाटतं,” ताई म्हणाली.

डब्यात व्हिटॅमिन सी होतं. हजार मिलिग्रॅमची एक, अशा दिवसाला सहा. पहिल्याच आठवड्यात तिचं पोट बिघडलं. “विष बाहेर पडतंय,” मेहुण्यानं फोनवर सांगितलं. विषाचं माहीत नाही, बाकी सगळं पडलं.

काटेसाहेब असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांचा विश्वास काट्यावर. म्हणून त्यांनी जुन्या सामानाच्या दुकानातून रक्तदाब मोजायचं तबकडीचं यंत्र आणलं. हवा न भरताच त्याचा काटा बारावर उभा होता. त्यांनी तो उपटला आणि अलगद शून्यावर बसवला. कारखान्यात असं गेज ते पक्क्या मापाशी पाच ठिकाणी ताडून बघत. शून्यावर खरं बोलणारा काटा वर जाऊन खोटं बोलू शकतो, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशी तेच शिकवत. पण इथं बायको बाही सारून बसली होती आणि चहा निवत होता. घरच्या वस्तूला कसली आलीय पाच ठिकाणं!

आकडा आला एकशे बत्तीस. गोळी घेऊनही जो एकशे चाळीसच्या खाली उतरत नसे, तो. तिसऱ्या आठवड्यात एकशे सव्वीस.

“तुझ्या भावानं जन्मात एक तरी खरी वस्तू विकली म्हणायची,” काटेसाहेब म्हणाले. “आता ती गोळी कशाला उगाच?”

गोळी बंद झाली. महिन्यानं दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, तर एकशे चौऱ्याहत्तर.

“व्हिटॅमिननं थोडाफार फरक पडत असेलही,” बाई म्हणाल्या, “पण ते गोळीची जागा घेत नाही. आणि ग्रंथी थकल्या, असं निदान आम्ही करत नाही. गोळी आजपासून सुरू करा. तुमचं यंत्रही घेऊन या, ताडून बघू.”

इथं घोटाळा झाला. बाई नुसतं ‘गोळी घ्या’ म्हणाल्या असत्या, तर त्यांनी ऐकलं असतं.

“माझं गेज ती तपासणार!” रस्ताभर ते धुमसत होते. “अगं, दवाखान्यात शिरलं की भल्याभल्यांचा दाब चढतो.” घरी येऊन मोजला. एकशे अठ्ठावीस. गोळी बंदच राहिली.

“डोकं मात्र ठणकतंय हो,” बायको म्हणाली.

“काटा काय म्हणतोय बघ की.”

“बाई गं! माझं डोकंसुद्धा आता तुमच्याकडून पास करून घ्यायला हवं.”

ती हसली. पुढं डोकं दुखलं तरी तिनं त्यांना सांगितलं नाही. काटा म्हणतोय म्हणजे आपल्यालाच भास होत असणार, असं तिनं मुलीला फोनवर सांगितलं होतं. एका सकाळी तिच्या हातातली बशी पडली. ती उचलायला वाकली आणि उठलीच नाही.

इस्पितळात कळलं, पक्षाघात. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मुलगी आली आणि मामावर तुटून पडली. “तुझ्या त्या डब्यानं केलं हे!” आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस तीन दिवस जिन्याच्या पायरीवर मुका बसून राहिला.

चौथ्या दिवशी काटेसाहेब यंत्र घेऊन कारखान्यात गेले. तिथल्या पक्क्या मापाला, पाऱ्याच्या नळीला जोडलं. शून्यावर बरोबर. पारा एकशे ऐंशीवर गेला तेव्हा त्यांचा काटा एकशे चौतीसवर होता. त्यांनी तीनदा पाहिलं. दाबानं फुगून काटा हलवणारा आतला पत्रा म्हातारा झाला होता, एवढंच. ही गोष्ट जगात त्यांना आणि पाऱ्याला ठाऊक होती, आणि पारा काही बोलत नाही. सगळं खापर मेहुण्याच्या डोक्यावर व्यवस्थित फुटलेलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

ते इस्पितळात आले, मेहुण्याला दंडाला धरून आत घेऊन गेले आणि मुलीला म्हणाले, “मामाला बोलू नकोस. गोळी मी बंद केली. काटा चुकीचा होता. मी तपासला नव्हता.”

“भावोजी, डबा मीच…”

“तू गप रे. तुला काय कळतं त्यातलं?”

मुलगी बापाकडं वळली. “आईला सांगितलंत?”

“झोपलीय ती.”

“मग उठवा.”

त्यांनी उठवलं. पलंगाच्या कडेला बसून, पहिल्यापासून, एकही आकडा न गाळता सांगितलं. तिनं सगळं ऐकलं असावं, नजर त्यांच्यावरच होती. शेवटी तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी ओघळलं. तो डोळा चार दिवस असाच झरत होता. त्याचा काही अर्थ लावू नका, असं नर्सनं सांगून ठेवलं होतं.

त्यांनी शर्टाच्या बाहीनं तो पुसला. थोड्या वेळानं पाणी पुन्हा आलं. त्यांनी पुन्हा पुसलं.