छतातली काकणं

मित्रांनो, मी एक जुनं अस्तर आहे. प्रवासी मोटारीच्या छताला आतून लावतात ना, ते कापड. त्यातही मी मागच्या बाकावरचं. गाडीत बसून तुम्ही वर पाहिलं असेल, पण मला पाहिलं नसेल.

कल्याणच्या गॅरेजात भिवा गादीवाल्याने मला शिवलं. पोटात लोखंडी कांबी ओवल्या, कडेने चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकल्या. दुधावरच्या सायीसारखा रंग होता माझा. गाडी कल्याणहून मानपाड्यावरून ठाण्याला जाई. पुढे कचेरीतले कारकून बसत, मागे मिठागरावरच्या बाया. खड्डा आला की त्यांची डोकी मला लागत आणि मागचा बाक हसत सुटे. माझ्यावरचे डाग त्यांच्याच खोबरेलाचे.

त्या बायांत सगुणा होती. सासर ठाण्याच्या खाडीकडे, माहेर मानपाड्याला. नवरा गेला तेव्हा बायकांनी तिचा चुडा फोडला. दोन हिरवी काकणं मात्र तिने आधीच काढून कनवटीला लपवली होती. ती घेऊन माहेरी निघाली खरी, पण आईने पाहिलं तर? माझी एक शिवण उसवली होती. कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने काकणं तीत सरकवली.

"ठेव गो बाय. कोनाला सांगू नको."

मी सांगितलं नाही. पण खड्डे कुठे गप्प बसू देतात? गाडी हलली की माझ्यात किणकिण होई. सगुणा जाता-येता त्याच कोपऱ्यात बसे, डोळे मिटून ऐके.

एकदा हरिहरपंत कारकून मागे वळून म्हणाले, "काळुराम, मागे नवरी बसवलीयस की काय?" सगळे हसले. सगुणाने पदर मनगटांवर ओढला.

ड्रायव्हर काळुरामला चेष्टा लागली. दुसऱ्याच दिवशी गाडी भिवाच्या दारात. भिवाने मागच्या काचेवरची पट्टी सोडवली, चुका उपटल्या, एकेक कांब खाचेतून ओढली आणि मला खाली उतरवलं. काकणं त्याच्या ओंजळीत पडली. पुढच्या अस्तराला कुणी हात लावला नाही. आम्ही दोघं एकाच ताग्यातली. माझी घडी मागच्या बाकाखाली गेली. काकणं काळुरामने चिंधीत आवळून आरशाला बांधली. आता वाजणार नव्हती.

सगुणा आली. खड्डा गेला, तिने वर पाहिलं. नुसता पत्रा. मानपाडा जवळ येत होता, गाडी रिकामी झाली होती.

"काका, तो आवाज कुठं गेला?"

काळुरामने आरशात पाहिलं. तिचं मोकळं मनगट त्यात दिसलं असावं. त्याने चिंधी सोडून काकणं मागे दिली.

"घाल बाय. गाडीत कोन बगतंय?"

उरलेल्या वाटेवर ती तिच्या हातात वाजली. उतरताना तिने काढली आणि सवयीने हात वर नेला. तो पत्र्याला लागला. मग वाकून तिने काकणं माझ्या घडीत ठेवली. पुढे प्रत्येक खेपेला तिथून काढायची, तिथेच ठेवायची.

काळुराम थकला, घरी बसला. नव्या ड्रायव्हरला काय ठाऊक? त्याने गाडी झाडली आणि घडी न उलगडताच मला गॅरेजच्या कोपऱ्यात टाकलं. सगुणा नंतर त्या बाकाखाली वाकली असेल का? मला कळायला मार्ग नाही.

मित्रांनो, जुनं कापड फडक्याला फाडण्याआधी एकदा उलगडून बघा. सावकाश उलगडा. आत काच आहे.