तानाजी सुभेदारांचा कान

कुंडलमध्ये कोणी जुनी गाडी घेणार असेल, तर सौद्यापूर्वी तानाजी सुभेदारांना सोबत नेण्याची रीत होती. लष्करात चोवीस वर्षे ट्रक चालवून आणि दुरुस्त करून ते गावी परतले होते. ते इंजिन सुरू करायला लावत, डोळे मिटून ऐकत उभे राहत आणि शेवटी "घे" किंवा "सोड" एवढेच म्हणत. त्या निकालावर कोणी वाद घालत नसे.

गेली दोन वर्षे त्यांना नीट ऐकू येत नव्हते, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते. माणसांचे बोलणे ते ओठांवरून जुळवीत. इंजिनावर तळहात ठेवून त्याची थरथर अजमावीत. अशाच अंदाजाने गेल्या वर्षी त्यांनी केरबाला टेम्पो घ्यायला लावला आणि तीन महिन्यांत त्याचे इंजिन खोलावे लागले. केरबाने नशिबाला बोल लावला, सुभेदारांना नाही. ते त्यांना अधिकच लागले.

म्हणूनच क्रांतीने, त्यांच्या मुलीने, गाडीचा विषय काढताच "विजेवरचीच बघ" असे त्यांनी सुचवले. क्रांती मिरजेच्या एका रुग्णालयात परिचारिका होती आणि सांगलीत विश्रामबागेत भाड्याने राहत होती. मुलीची शाळा, रुग्णालय, बाजार असे तिचे रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर होत. जन्मभर डिझेलच्या वासात वावरलेल्या बापाचा हा सल्ला तिला नवलाचा वाटला. त्या गाडीला इंजिनच नाही, म्हणजे कान लावायचा प्रसंगच नाही, हा त्यांचा विचार तिला कळण्याजोगा नव्हता.

नवी गाडी परवडणारी नव्हती. मिरज रस्त्यावरच्या एका दुकानात तीन वर्षे वापरलेली छोटी पांढरी गाडी होती. विक्रेता जयराज उत्साहाने माहिती देऊ लागला.

"काका, एका चार्जिंगला दोनशे किलोमीटर."

"कागदावर दोनशे. एसी लावून, चार माणसं बसवून किती?"

जयराज हसला. "दीडशे धरा."

"एकशेतीस धरतो. बॅटरीचा तपासणी अहवाल दावा. आन् वॉरंटी हिच्या नावावर होणार का न्हाई?"

घरमालक पार्किंगमध्ये चार्जिंगसाठी पंधरा अँपियरचा सॉकेट बसवू देणार का, हेसुद्धा त्यांनी आधीच विचारून ठेवले होते.

"आप्पा, लय अभ्यास केलाय की तुमी!" क्रांती म्हणाली. "आई म्हणत हुती, जेवताना बी मोबाईलच बघतायसा."

सुभेदार सुखावले. सगळे कागदावर होते, वाचता येत होते. कितीतरी दिवसांनी त्यांना आपल्या पायाखाली पक्की जमीन आहे असे वाटले.

मग क्रांतीने गाडी रस्त्यावर काढली. सुभेदार शेजारी, जयराज मागे. वेग वाढताच तिची मान किंचित वळली. तिने वेग कमी केला, पुन्हा वाढवला.

"आप्पा, ह्यो आवाज कसला?"

तिचे तोंड रस्त्याकडे होते. त्यांना प्रश्न कळला नाही.

"व्हय, बरोबर हाय," ते म्हणाले.

"इलेक्ट्रिक गाडीला एवढा असतोच, मॅडम," जयराज मागून म्हणाला.

क्रांतीने गाडी कडेला घेतली आणि बापाकडे वळली. "आवाज येतोय, आप्पा. ह्ये म्हणत्यात असतोच. तुमी म्हणाल तसं करू."

आता एक शब्द पुरेसा होता. पण या गाडीतून पहाटेच्या पाळीला रिकाम्या रस्त्याने एकटी जाणार होती ती क्रांती. सुभेदारांनी जयराजला पाच मिनिटे खाली उतरायची विनंती केली.

"मला ऐकू येत न्हाई, क्रांते."

"काय?"

"दोन वर्सं झाली. उजवा कान जवळजवळ गेलाय. डाव्यानं बी अर्धंमुर्धं."

"तरीच! फोनवर मी भाकरी झाली का इचारते, तर तुमी म्हणताय पाऊस न्हाई." ती हसली, पण डोळे भरून आले. "मी दवाखान्यात काम करते, आप्पा. रोज माणसं कानाचं मशीन लावून घरी जात्यात. मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं तर आईला कळणार, आईला कळलं की गावाला. मग सुभेदाराला कोण कशाला बोलावंल?"

तिने डोळे पुसले. तेच पुढे म्हणाले, "आवाज कवापासनं येतोय?"

"चाळीसच्या पुढं."

"पाय उचलला की थांबतोय?"

"न्हाई. तसाच राहतोय."

"मग मोटरीचा न्हाई. आता गाडी डावीकडं वळवून बघ."

तिने गाडी पुन्हा चाळीसच्या पुढे नेऊन दोन्हीकडे वळवून पाहिली, मग कडेला थांबवून त्यांच्याकडे तोंड केले. "वाढला. उजवीकडं वळलं की कमी होतोय. घूं घूं, जात्यावानी."

सुभेदारांनी डोळे मिटले. आवाज त्यांच्या आठवणीत स्पष्ट उमटला. "उजव्या चाकाचा बेअरिंग. बॅटरी-मोटरीला धक्का न्हाई. त्यो बदलून दिला तर घे."

जयराजला पुन्हा गाडीत घेऊन ते परतले आणि दुकानासमोर सुभेदारांनी त्याला बेअरिंगचे सांगितले. तो वरमला. मान खाली घालून, अहवालाचे कागद चाळत तो काहीतरी पुटपुटला. क्रांती उत्तर द्यायला पुढे झाली, तशी सुभेदारांनी तिला हाताने थांबवले. रस्त्यावर माणसे होती, दुकानात दुसरे गिऱ्हाईकही होते.

"मला कमी ऐकू येतं," ते म्हणाले. "जरा माझ्याकडं बघून, मोठ्यानं बोला."