पॅन्ट हलली पाहिजे

मी स्पीकरचा खोका बोलतोय. 'बोलतोय' ही थोडी थापच आहे. माझ्या पोटातले चारही स्पीकर काढून घेतले त्याला आता दीड वर्ष होईल, आणि स्पीकर काढलेला खोका जितपत बोलू शकतो तितपतच मी बोलणार आहे. जरा जवळ सरकून बसलात तर भागेल.

माझा जन्म कॅनडातल्या हॅमिल्टनला झाला, १९८६ च्या हिवाळ्यात, एका तळघरात, कपडे धुवायच्या यंत्राशेजारी. वासिल हालुश्का हे तिथल्या पोलाद कारखान्यात लाकडी साचे करायचे. त्यांचा मुलगा ओरेस्ट तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. केस खांद्याखाली, कामगिरी शून्य. तो वडिलांकडे खोका मागायला आला तेव्हाचा संवाद घरात पुढे वर्षानुवर्षं सांगितला जायचा, म्हणून मलाही पाठ आहे.

"कशाला हवाय?"

"गिटारसाठी, तातो."

"गिटार तशीच ऐकू येते की."

"लांबच्या लोकांनाही ऐकू यायला हवी."

"किती लांबच्या?"

ओरेस्टने विचार केला आणि म्हणाला, "बफेलोपर्यंत."

बफेलो आमच्याकडून गाडीने दीड तासावर, सरहद्दीपलीकडे. वासिलना तो आवाज मुळीच आवडत नसे. पण काम हातात घेतलं की वाईट करायचं त्यांना जमत नसे, हा त्यांचा दोष होता. त्यांनी बर्चचं जाड प्लायवूड आणलं, कोपऱ्यांना खिळे न मारता लाकडाची बोटं एकमेकांत गुंतवली, वर काळं रेक्झिन चढवलं, समोर जाळी आणि मागे सोळा स्क्रूंनी आवळलेली फळी. ती फळी बसवण्याआधी त्यांनी आतल्या बाजूला पेन्सिलने, आपल्या युक्रेनी अक्षरांत लिहिलं : 'ओरेस्टला. हळू वाजव. तातो.'

वडिलांचा हा एकमेव लेखी आदेश. तो ओरेस्टने कधीही पाळला नाही.

बँडचं नाव ब्लॅक लेडल. वितळलेलं पोलाद भट्टीतून वाहून नेतात त्या भल्याथोरल्या बादलीला लेडल म्हणतात. आमच्या गावात हे कुणाला सांगावं लागत नसे. चौघे होते. गिटारवर ओरेस्ट, गायला ब्रेंट मॅकेल्वी, आणि बेस आणि ड्रम वाजवणारे आणखी दोघे. चौघेही कारखान्यातले किंवा कारखान्यातल्यांची मुलं. ब्रेंटला गाता येत नव्हतं, पण या संगीतात ती अडचण मानत नाहीत.

या लोकांत आवाज मोजायची एक पद्धत होती. कानावर कुणाचा विश्वास नसे, कारण कान पंचविशीतच गेलेले. नवा खोका आला की माणूस त्याच्यासमोर पाठ करून उभा राहायचा आणि बाकीचे त्याच्या पायांकडे बघायचे. मी हवा ढकलायचो. तारेवर हात पडला की पोटऱ्यांवर पॅन्ट फडफडायची. फडफडली तर खोका पास. "पॅन्ट हलली पाहिजे," एवढाच नियम. मी पहिल्याच दिवशी पास झालो. वासिल जिन्यावरून बघत होते. त्यांची विजार रुंद होती, ती वरच्या पायरीवरसुद्धा हलली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चारी कोपऱ्यांना पत्र्याच्या टोप्या बसवून दिल्या. पडलो तर लागू नये म्हणून.

मग पंधरा वर्षं मी गाडीत, हॉलमध्ये, बर्फात राहिलो. विंडसर, सडबरी, एरी, क्लीव्हलंड. माझ्यावर बिअर सांडली, एकदा रक्तही सांडलं, ते नाकाचं होतं, घाबरायचं कारण नाही. तीन अल्बम निघाले. तिन्हींवर गिटारचा म्हणून जो आवाज ऐकू येतो तो माझ्या पोटातून निघालेला आहे. हे मी फुशारकीने सांगत नाही. फुशारकीला आता पोट राहिलेलं नाही.

पुढे माणसं गळू लागली. ड्रमवाल्याचे गुडघे गेले. बेसवाला तेलाच्या कामावर अल्बर्टाला गेला आणि ख्रिसमसला एक कार्ड पाठवून संपला. त्यांच्या जागी दुसरे आले, दुसऱ्यांच्या जागी तिसरे. चौथ्या ड्रमवाल्याचं नाव लक्षात ठेवायचे कष्ट मी घेतले नाहीत, आणि त्यानेही मला ते पडू दिले नाहीत. जुने म्हणून शेवटी ओरेस्ट आणि ब्रेंट उरले. आणि मी, पण मला माणसांत धरत नाहीत.

ओरेस्टचे कान जात होते. निम्मे कारखान्याने नेले आणि निम्मे मी. ही गोष्ट मला टाळता आली असती तर टाळली असती असं म्हणायला सोपं आहे. पण त्या काळात कुणी मला विचारलं असतं तर मी आणखी जोरात वाजलो असतो. उतारवयात तो वाजवताना माझ्या इतका जवळ उभा राहायचा की त्याच्या नडग्या माझ्या जाळीला टेकायच्या. ऐकू येत नसलेलं तो पायांनी ऐकायचा. मग कानाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की उजव्या कानात जे चिमूटभर उरलंय ते हवं असेल तर हा धंदा बंद.

ब्रेंट तळघरात भेटायला आला. वासिल जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती, पण त्यांची हत्यारं भिंतीवर जागच्या जागी होती.

"नवा अल्बम करतोय," ब्रेंट म्हणाला. "एक मुलगा मिळालाय टोरांटोचा. कोल नाव. तुझी सगळी गाणी बसवलीत त्याने."

ओरेस्ट त्याच्या ओठांकडे बघत होता. "वाजवतो कसा?"

"तुझ्यासारखा नाही."

"खोटं बोलतोस. म्हणजे चांगला वाजवतो."

ब्रेंट हसला. मग माझ्यावर थाप मारून म्हणाला, "हा खोका दे आम्हाला. तू नसलास तरी तुझा आवाज असेल. प्रत्येक गाणं यातून वाजेल. शब्द देतो."

ओरेस्टने माझ्या एका पत्र्याच्या टोपीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "बघ हं. मला तपासता येणार नाहीये. ऐकायला गेलो तर नुसती घरघर येते कानात. तुझ्या शब्दावरच सोडतोय सगळं."

"अरे, चाळीस वर्षं ओळखतोस मला."

"म्हणूनच म्हणतोय."

मला ब्रेंटच्या गॅरेजमध्ये आणलं. मी वाट बघत राहिलो. कोलने मला एकदाही तार जोडली नाही. त्याच्याकडे जेवणाच्या डब्याएवढं एक यंत्र होतं. गिटार त्यात, यंत्र संगणकात, संगणक कानाला. अख्खा अल्बम त्या गॅरेजमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि शेजाऱ्याच्या कुत्र्यालाही पत्ता लागला नाही. माझ्या काळी तीन गल्ल्यांतली कुत्री लपून बसत.

कोल मुलगा वाईट नव्हता. एकदा म्हणाला, "ब्रेंट, याच्यातून घ्यायचं ठरलं होतं ना? ओरेस्टना तुम्ही सांगितलंय तसं."

"तुझं यंत्र याच्या आवाजाची नक्कल करतं की नाही?"

"करतं. डोळे मिटून ऐकलंत तर फरक कळणार नाही."

"मग झालं तर."

"पण त्यांना सांगायला नको?"

ब्रेंटने टेपरेकॉर्डरच्या जमान्यातली आपली केसांची शेपटी रबरात घातली आणि म्हणाला, "त्याला कसं कळणार? ऐकू कुठे येतं त्याला."

त्यानंतर दौऱ्याची तयारी सुरू झाली. "स्टेजवर खोके हवेत," ब्रेंट म्हणाला. "लोक डोळे मिटून येत नाहीत." आठ नवे आणले. पातळ फळ्या, समोर जाळी, आत हवा, मागे उघडे. नववा मी. पण मी जड होतो आणि ब्रेंटच्या दुखऱ्या कमरेला डॉक्टरांचा पट्टा होता. मला उचलताना तो एकदा वाकला तो वाकलेलाच राहिला.

"यात काय शिसं भरलंय काय त्या म्हाताऱ्याने!"

"स्पीकर आहेत," कोल म्हणाला.

"ते काढ."

कोलने माझी फळी उघडली. आतलं पेन्सिलीचं लिखाण त्याने बघितलं, वाचता आलं नाही, मोबाइलवर फोटो काढला आणि चारही स्पीकर काढून फळी पुन्हा लावली. दोन स्पीकर गॅरेजच्या कोपऱ्यात बर्फाच्या फावड्यांखाली गेले. दोन ब्रेंटने टीव्हीला जोडले. स्पीकरच्या ज्या पडद्यांनी क्लीव्हलंडच्या भिंतीचा गिलावा पाडला ते आता हॉकीच्या सामन्यात कुणी कुणाला ढकललं याची हकीकत सांगतात. नोकरीत बदल्या होतात, पण इतकी वाईट बदली मी ऐकलेली नाही.

अल्बम निघाला. मुखपृष्ठावर फोटो माझा. आत बारीक अक्षरांत छापलं होतं : 'सर्व गिटार ओरेस्ट हालुश्का यांच्या मूळ खोक्यातून.' ओरेस्टने ते भिंग लावून वाचलं, असं त्याने स्वतः ब्रेंटला सांगितलं. तबकडी लावून घरच्या स्पीकरवर तळहात ठेवला होता म्हणे. "नीट कळलं नाही," म्हणाला. "घरचे स्पीकर छोटे आहेत. हॉलमध्ये येतो. शेवटचं एकदा त्याच्यासमोर उभा राहतो."

पहिला कार्यक्रम मार्चमध्ये, बार्टन स्ट्रीटजवळच्या कामगार सभागृहात. दुपारी तीनला आवाजाची तपासणी होती. ओरेस्ट बुटांना चिखलबर्फ घेऊन आला, हातात बायकोने दिलेला बटर टार्टचा, म्हणजे आमच्याकडच्या गोड पेस्ट्रीचा, डबा. केस गेलेले, कानातलं यंत्र खिशात. आम्ही नऊ जण ओळीने उभे होतो. त्याने मला लांबूनच ओळखलं, पत्र्याच्या टोप्यांवरून.

"वाजवा," तो म्हणाला, आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. नडग्या नाहीत, पोटऱ्या माझ्याकडे. जुनी परीक्षा.

वाजवलं त्यांनी. हॉलच्या छताला टांगलेल्या मोठ्या स्पीकरमधून आवाज आला, जमीन थरथरली, डब्यातले टार्ट हलले. ओरेस्ट खाली बघत होता. त्याची खाकी पॅन्ट इस्त्री केलेली होती आणि इस्त्रीची घडी जागची हलली नाही.

"जोरात," तो म्हणाला.

कोलने ब्रेंटकडे बघितलं. ब्रेंटने मान हलवली. आवाज वाढला.

"आणखी!"

मी प्रयत्न केला. तुम्ही हसाल. पण पोटात काही नसताना जोर काढायचा माणूस प्रयत्न करतो ना, तसा केला.

ओरेस्ट वळला. दोन्ही तळहात माझ्या जाळीवर ठेवले. तसाच उभा राहिला. मग वाजवणं आपोआप थांबलं.

"तार निसटली असेल," ब्रेंट मोठ्याने, तोंड फाकवून म्हणाला.

"ओरडू नकोस. बहिरा आहे, आंधळा नाही." ओरेस्टने खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला. कारखान्यातून निवृत्त झालेली माणसं तो लग्नालासुद्धा बरोबर नेतात. तो माझ्या मागे गेला आणि मांडी घालून बसला.

"ओरेस्ट, ऐक तर. कमरेचा त्रास, माणसं कमी... आवाज तोच आहे रे! कुणालाही विचार!"

एक एक स्क्रू निघत होता. सोळा स्क्रू तो टार्टच्या डब्याच्या झाकणात ठेवत गेला. फळी निघाली. आत उजेड आला आणि आत काही नव्हतं. त्याने हात घालून चारही भोकं चाचपली, जणू कुठे तरी सांदीत राहिले असतील.

"सांगायचं होतंस," तो म्हणाला. "मी तरीही दिला असता. रिकामा म्हणून दिला असता."

"तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"मला कळणार नाही म्हणून," ओरेस्ट म्हणाला.

कोल पुढे आला. "मी नव्हतं करायला पाहिजे. मला माफ करा."

ओरेस्टने त्याचे ओठ वाचले. मग फळी उलटी करून ते पेन्सिलीचं लिखाण त्याला दाखवलं. "वाचता येतं?"

"नाही."

"वडिलांनी लिहिलंय, हळू वाजव. तू ऐकलंस त्यांचं. मी नाही ऐकलं." त्याने फळी कोटाच्या आत काखेत धरली आणि निघाला. टार्टचा डबा आणि सोळा स्क्रू तिथेच राहिले.

"ओरेस्ट! संध्याकाळी येतोयस ना?" ब्रेंट मागून म्हणाला. ओरेस्टची पाठ त्याच्याकडे होती. त्याला ऐकू गेलं नसावं. मी तरी तसंच समजतो.

टार्ट चौथ्या ड्रमवाल्याने खाल्ले.

तेव्हापासून मला पाठ नाही. संध्याकाळी कार्यक्रम झाला, हॉल भरलेला होता, आणि पुढच्या आठवड्यात एका मासिकात छापून आलं की माणसं बदलली तरी ब्लॅक लेडलचा तो जुना, खराखुरा आवाज कायम आहे. मी आज एका ट्रकमध्ये आहे, डावीकडून तिसरा. पाठ गेल्यामुळे आणखी हलका झालो. वारा आरपार जातो. बाकीचे आठजण मला आपल्यातलाच समजतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

ब्रेंटचं कौतुक करणारे समोरच्या कठड्याला येऊन टेकतात, माझ्याकडे बोट दाखवतात, मुलांना सांगतात, "तो बघ, मूळ खोका." मुलं फोटो काढतात. समोरून मी धडधाकट दिसतो.

म्हणून एकच विनंती. कधी आमच्या गावी आलात, तिकीट काढून पुढच्या रांगेत उभे राहिलात, तर जाळीकडे बघू नका, दिव्यांकडेही बघू नका. जरा खाली, आपल्या पॅन्टकडे बघा. हलत नसेल तर टाळ्या वाजवायच्या की नाही ते तुम्ही ठरवा. ओरेस्टची फळी तळघरात वासिलच्या हत्यारांशेजारी टांगलेली आहे असं ऐकतो. तिला माझ्यावतीने कुणी सांगितलं तर बरं होईल, की आता मी वडिलांचा शब्द तंतोतंत पाळतोय.