पाचपैकी तीन

एमेटने डोळे मिटले, हात कमरेवर ठेवले आणि डावा पाय जमिनीवरून उचलला. वीस सेकंद असं उभं राहायचं होतं. केसलर मॅडम घड्याळ धरून समोर थांबल्या होत्या. कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या पोरांची दुखणीखुपणी त्याच बघायच्या.

तो डगमगला. पाय टेकला, पुन्हा उचलला. पुन्हा टेकला. मग आणखी एकदा.

"तीन वेळा," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर आकडा लिहिला.

"फरशी गार आहे," एमेट म्हणाला.

"फरशी रोजच गार असते. बस खाली."

दहा दिवसांपूर्वी चेंडू बगलेत मारून पळणाऱ्या एका धिप्पाड गड्याला अडवताना त्याचा गुडघा एमेटच्या हेल्मेटवर बसला होता. तेव्हापासून सराव बंद. आणि शनिवारी तर हंगामातला शेवटचा सामना, तोही नदीपलीकडच्या कॉलेजशी. नऊ वर्षं ह्या संघाने नुसता मार खाल्ला होता. गावातली म्हातारी माणसं सामन्याला यायची ती गप्पा मारायला. यंदा व्हॉइट नावाचे नवे मुख्य कोच आले आणि संघाने दहापैकी आठ सामने जिंकले. आता न्हाव्याच्या दुकानातही बचावफळीची चर्चा चाले, आणि बचावफळी म्हणजे एमेट.

जुने कोच डोकं धरून बसलेल्याला विचारायचे, "हेल्मेट काय शोभेला दिलंय?" व्हॉइटनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "डोक्याला मार बसला की खेळायचं की नाही, हे मी ठरवणार नाही. तुम्हीही नाही. ऑगस्टचा कागद ठरवेल."

हंगामाआधी, डोकं धड असताना, प्रत्येकाने ही चाचणी द्यायची. मार बसला की पुन्हा द्यायची. दोन्ही कागद जुळले तरच मैदानात. नियम चोख होता. फक्त चाचणी आधीपासून कागदोपत्री होतीच, आणि तिच्याबाबतची पोरांची जुनी वहिवाट नव्या कोचना ठाऊक नव्हती.

"ऑगस्टमध्ये जरा ठोंब्या हो," कॉलेजच्या चौथ्या वर्षाला असलेल्या लमारने एमेटला पढवलं होतं. "म्हणजे नोव्हेंबरात डोकं आपटलं तरी तू हुशारच दिसशील. आम्ही सगळ्यांनी हेच केलंय."

एमेटनेही तेच केलं. पाचही शब्द जिभेवर तयार असताना तीनच सांगितले. मुद्दाम तीनदा पाय टेकला. उलटे महिने म्हणताना मे गिळून टाकला. बाहेर आल्यावर दोघं पोट धरून हसले होते.

आज मात्र तो लबाडी करायला आला नव्हता. गेले दहा दिवस, दात घासून झाले की नाही हे त्याला ब्रश ओला आहे का ते बघून कळत होतं. परवा स्वतःच्याच खोलीसमोर किल्ली हातात धरून तो कितीतरी वेळ उभा होता. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, लमारलासुद्धा नाही. त्याला फार भीती वाटत होती. म्हणून त्याने ठरवलं होतं, आज जीव तोडून चाचणी द्यायची. ऑगस्टातल्या त्या सोंगाला आपण सहज मागे टाकू, मग आपण ठीक आहोत हे आपल्यालाच कळेल.

"डिसेंबरपासून उलटे महिने," मॅडम म्हणाल्या.

"डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर..." तो सावकाश, पायरी पायरी उतरावं तसा म्हणत गेला. "जुलै, जून, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी."

मॅडमची पेन्सिल मध्येच एकदा थबकली होती. कुठे, ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

"आता सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द."

"कंदील," एमेट म्हणाला. "मध." त्याने मुठी आवळल्या. "पूल."

"घाई नाही."

त्याने घाई केलीच नाही. कपाळाला घाम येईपर्यंत आठवत राहिला. पुढे काही नव्हतंच.

"तीन," मॅडमनी लिहिलं. "एक महिना गळला. पाय तीनदा टेकला." त्यांनी दुसरा कागद शेजारी ठेवला. "जुळलं बाबा!"

एमेट त्या दोन कागदांकडे बघतच राहिला.

"मॅडम, राहिलेले दोन कोणते?"

"उशी आणि बेडूक."

"हे तुम्ही मला सांगितले होते?"

"सांगितले की. माझ्यामागोमाग तू म्हटलेसही."

तेवढ्यात कोच व्हॉइट आत आले. त्यांनी दोन्ही कागद उजेडात धरले आणि त्यांचा चेहरा फुलला.

"तंतोतंत! थांब, तुझ्या आईला शब्द दिलाय मी. कागद जुळल्याशिवाय पोराला मैदानात पाठवणार नाही म्हणून." त्यांनी फोन लावला, आवाज मोठा करून टेबलावर ठेवला आणि फडकं घेऊन फळ्याकडे गेले. फळ्यावर जायबंदी खेळाडूंची नावं होती. "ताई, कोच बोलतोय. पोरगं पास झालं!"

"देवा रे!" पलीकडे एमेटच्या आईला हुंदका आला. ती शाळेची बस चालवायची. मागे इंजिनाची घरघर ऐकू येत होती. "दहा दिवस घास उतरला नाही हो माझ्या घशाखाली. शनिवारी खिमा-राजम्याची चिली आणि दालचिनीचे रोल घेऊन येते, सगळ्यांना पुरतील एवढे. एमेट, आहेस का रे तिथे?"

"आहे, आई."

"खरी दिलीस ना चाचणी? मला फसवू नकोस हं."

दाराच्या काचेबाहेर लमार उभा होता. त्याने अंगठा वर करून दाखवला आणि डोळा मारला.

"खरी दिली," एमेट म्हणाला. "ह्या वेळी अगदी खरी दिली, आई."

फोनमधली इंजिनाची घरघर बंद झाली.

"ह्या वेळी म्हणजे?" आईने विचारलं.

कोचचा हात थांबला. फळ्यावर एमेटचं नाव अर्धंच पुसलं गेलं होतं.