अकरा फटक्यांची आघाडी

शेवटच्या दिवशी गोल्फच्या मैदानावर तो अकरा फटक्यांनी पुढे होता, म्हणून त्याच्यामागे चालायला कुणी उरलंच नाही. सारी गर्दी दुसऱ्या नंबरासाठी झुंजणाऱ्या दोघांकडे पळाली. तो जिंकला तेव्हा टाळ्या वाजवल्या त्या एकट्या त्याच्या बायकोने.

पत्रकारांनी विचारलं, "तुमच्यामुळे स्पर्धेची मजा गेली, असं नाही वाटत?"

"चुकलंच माझं," तो म्हणाला. ते त्यांनी इमानेइतबारे लिहून घेतलं.

सकाळी पेपरात फोटो आला तो उपविजेत्याचा, ढसाढसा रडतानाचा. तो पाहून आईने फोन केला.

"त्या बिचाऱ्याला जिंकू दिलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं? तुझ्या कपाटात जागा तरी आहे का?"

"पुढच्या वेळी बघतो, आई," विजेता म्हणाला.