पुडिंगने गिळलेली लॅव्हिनिया

मी एक जुनी चित्रपेटी आहे, मित्रांनो. अस्सल महोगनीची, पितळी दांड्याची. हलती चित्रं टिपायचे मीच, आणि मागे दिवा लावला की भिंतीवर दाखवायचेही मीच. आहे का असं आताच्या यंत्रांत?

समुद्रकाठच्या होव्ह गावात अँब्रोज टप्पेन माझा दांडा फिरवायचा. त्याची बायको लॅव्हिनिया माझ्यापुढे लोकांना हसवायची. आमची जादू सोपी होती. अँब्रोज "थिजा!" असं ओरडून दांडा थांबवायचा. दांडा थांबला की मी आंधळी. तेवढ्यात माणूस बाजूला सरकला, की भिंतीवर तो गायब!

एकदा पुडिंगच बाईला गिळतं, असं चित्र घेत होतो. लॅव्हिनिया चमचा तोंडाशी नेऊन थिजली.

"लवकर आटप रे, नाकावर माशी बसलीय!"

"तोंड मिट, बये!"

"मिटलं तर तुझं पुडिंग काय कानाने खाऊ?"

मग खुर्चीवर नुसती टोपी ठेवून ती उठली, आणि दांडा पुन्हा फिरला. पुडिंगला ढेकर येऊन ती परत यायची, तेवढं टिपायचं राहिलं. आभाळ भरून आलं होतं.

"उद्या ऊन पडलं की येते परत," ती हसत म्हणाली. "तोवर चहा तुझा तू कर."

त्या संध्याकाळी तिला ताप भरला. फुप्फुसं सुजली आणि ती गेली.

चित्रं टिपलेली मूळ फीत खाऱ्या हवेने खराब झाली. तिच्यावरून छापलेली एकच प्रत उरली. दर रविवारी जेवणानंतर अँब्रोज पडदे ओढायचा आणि माझा दांडा उलटा फिरवायचा. रिकामी खुर्ची, टोपी, आणि एकदम लॅव्हिनिया!

त्याची बहीण केझाया कळवळून म्हणायची, "दुसरी प्रत काढून ठेव रे, दादा."

"चित्र पुरं झालं की काढू," म्हणायचा. पुरं कसं होणार होतं?

एका रविवारी लॅव्हिनिया दिसली, आणि जुन्या सवयीने तो पुटपुटला, "थिज."

दांडा थांबला.

"अरे, फिरव! मागे दिवा आहे!" केझाया ओरडली.

"थांब गं. जरा बघू दे तिला."

दिव्यापुढे थांबलेली फीत पेटतेच, हे त्याला का ठाऊक नव्हतं? तिच्या गालावर तपकिरी डाग पडला, पसरला. बोटं भाजेपर्यंत अँब्रोज हातांनी ज्वाळा विझवत राहिला. भिंतीवर नुसता पांढरा उजेड उरला.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. कोपऱ्यात धूळ खात पडले आहे, त्याचं मला काही नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं एकच चित्र उरलं असेल, तर आजच त्याची दुसरी प्रत काढा. उन्हाची वाट बघू नका.