रजेचा अर्ज आणि एकशे चाळीस रुमाल

गुरसरायच्या जुन्या मराठी जहागिरीचे एकशे चाळीस रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले मोडी कागदांचे गठ्ठे, झाशीतल्या एका सरकारी दफ्तरात होते. तिथे मोडी कुणालाच येत नसल्याने ते 'अवाचनीय' ठरले आणि जाळायचे ठरले. मला मोडी येते. निदान तसे वाटते. हे सांगायला मी दफ्तराच्या दारापर्यंत दोनदा गेलो आणि परत आलो. शेवटी घरी बसून माहिती अधिकारात अर्ज लिहिला: त्या जहागिरीत कारकून असलेल्या माझ्या पूर्वजाने केलेल्या रजेच्या अर्जाची प्रत मिळावी.

उत्तर आले की अवाचनीय कागदात माहिती नसते. मी अपिलात गेलो.

दीड वर्षाने माहिती आयोगाची ऑनलाइन सुनावणी लागली. नात शमिकाने लॅपटॉप लावून दिला.

"आजोबा, जरा जोर से बोला. घरात बोलता तसं नको."

मी घसा खाकरून विनंती केली, की प्रत नसली तरी चालेल, रुमाल तेवढे वाचवा.

"वह हमारे अधिकार-क्षेत्र में नहीं है," आयुक्त म्हणाले. "हम सिर्फ़ जानकारी दिलवा सकते हैं."

दफ्तराचे माहिती अधिकारी मुकेशजी शेजारच्या चौकटीत होते. "सर, इनकी अर्ज़ी किस गठरी में है, हमें क्या पता? इसी चक्कर में डेढ़ साल से एक भी नहीं जला पाए."

"तो ये खुद आकर ढूँढ लें. मिलते ही प्रति दीजिए, मामला ख़त्म."

"और बाक़ी गठरियाँ, सर?"

"कहा न, वह हमारा विषय नहीं."

शमिकाने माझी पाठ थोपटली. "जिंकलात, आजोबा."

मी जिंकलो होतो. म्हणजे मला कागद सापडला की रुमाल संपले.

दुसऱ्या दिवसापासून मी दफ्तरात बसू लागलो. रजेचा अर्ज तिसऱ्याच दिवशी सापडला. पूर्वजाने बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस मागितले होते. वरच्या अधिकाऱ्याचा शेरा होता, 'हे आमच्या अखत्यारीत नाही.' मी रुमाल पुन्हा बांधला आणि पुढचा सोडला.

संध्याकाळी कुलूप लावताना मुकेशजी रोज विचारतात, "मिली क्या, बाबूजी?"

"अभी नहीं," मी म्हणतो. आयुष्यात खोटे फारसे जमले नाही. कान तापतात, नजर खाली जाते. मुकेशजींना ती निराशा वाटते. काल त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

एकोणीस रुमाल वाचून, वहीत उतरवून झाले आहेत. माझे अक्षर फार चांगले नाही.